व्हायोलिन बनवून आणि शिकवून पोट भरतं का?

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका आईने विचारलंय. मुलगा तेवीस वर्षांचा, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला, शाळेपासून व्हायोलिन शिकतोय, विशारद तोंडावर आलंय. आता म्हणतो नोकरी नको, व्हायोलिन बनवीन आणि शिकवीन. घरात आजोबांचं एक जुनं व्हायोलिन आहे, आत ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं लेबल आहे. ते विकून भांडवल उभं करायचा त्याचा बेत आहे. यात आयुष्य निघेल का, शिकायचं कुठे आणि त्या व्हायोलिनचे किती येतील, असे तीन प्रश्न आहेत. मी बडोद्यात दांडिया बाजारात हेच दोन्ही करते, अर्धा दिवस कारागिरीच्या ओट्यावर आणि अर्धा दिवस मुलांबरोबर, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लेबलचं आधी सांगते, म्हणजे भांडवलाचा विषय मिटेल. अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी इटलीतल्या क्रेमोनात १७३७ साली वारला. त्याच्या हातची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत आणि त्यातलं बहुतेक प्रत्येक कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद आहे. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शेन, फ्रान्समधलं मिरकूर अशा गावांतून कारखानी व्हायोलिनं गाड्या भरभरून जगभर गेली आणि त्यांत हेच लॅटिन लेबल छापून चिकटवलेलं असे. ‘त्या नमुन्यावर बनवलंय’ एवढाच त्याचा अर्थ. लेबलखाली ‘मेड इन जर्मनी’ असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचंच, त्याआधी तो देशच नव्हता. आपल्या माळ्यांवरून निघणारी व्हायोलिनं बहुतेक या जातीची असतात. बडोद्यात मला वर्षाकाठी असे ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ भेटतच असतात आणि दर वेळी एखाद्या घरातल्या लोकांचे चेहरे उतरवण्याचं काम माझ्याकडे येतं.

पण ते विकू नका, याचं कारण वेगळं आहे. त्या काळच्या साध्या कारखानी व्हायोलिनचंसुद्धा लाकूड चांगलं असतं: तबली म्हणजे वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या, आणि शंभर वर्षं वाळलेलं. नीट जुळवून घेतलं तर आजच्या बाजारातल्या बऱ्याच नव्या वाद्यांपेक्षा ते बरं बोलतं. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडाच्या, उजव्या पायाखाली तबलीला उभी चीर गेलेली नाही ना, मान पुढे झुकलेली नाही ना आणि कीड लागलेली नाही ना, एवढं पाहून घ्या. तारा बदलायच्या असतील तर एकेक करून बदला. चारही एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे तबली आणि पाठ यांच्यामध्ये उभी केलेली लाकडी कांडी, आडवा पडतो. तो चिकटवलेला नसतोच, नुसत्या दाबाने उभा असतो.

आता पोटाचा प्रश्न. भरतं, पण बनवण्यावर नाही. शिकवणीवर घरभाडं निघतं, दुरुस्तीवर किराणा निघतो आणि बनवण्यात सुरुवातीची बरीच वर्षं पैसे जातात. एक व्हायोलिन हाताने बनवायला दोनशे तासांच्या वर मेहनत लागते. दुकानात पेटी, गज, गजाला लावायची राळ यांसकट चिनी व्हायोलिन काही हजारांत मिळतं. त्या किमतीशी झुंजायला जाणं शुद्ध वेडेपणा आहे, आणि ज्यांच्याकडे लाखांत पैसे आहेत ते युरोपातलं नाव पाहून घेतात. मधली जागा अरुंद आहे. माझा अनुभव असा की हातचं व्हायोलिन घेणारी माणसं बाहेरून येत नाहीत, ती आपल्याच वर्गात वाढतात. लहानपणी अर्ध्या मापाचं वाद्य घेऊन आलेली मुलगी पदवी संपताना म्हणते, ताई, मला तुमचं हवंय. म्हणून शिकवणं हा जोडधंदा आणि बनवणं हा खरा धंदा, असं जे तुमच्या मुलाच्या डोक्यात असेल, ते उलटं आहे. निदान पहिली दहा वर्षं तरी.

दोन्ही एकाच माणसाने करण्यात पैशापलीकडचा एक फायदा आहे, आणि मला तोच मोठा वाटतो. मूल बेसूर वाजवतंय की वाद्य बेसूर आहे, हे त्या माणसाला ओळखता येतं. एक उदाहरण देते. खुंट्यांजवळ आबनुसाची एक बारीक पट्टी असते, तिच्या खाचांवरून तारा पुढे जातात. तिला नट म्हणतात. स्वस्त व्हायोलिनमध्ये ती कारखान्यातून उंचच येते, कारण खाचा कोरत बसायला कुणाला वेळ नसतो. अशा वाद्यावर पहिलं बोट दाबलं की तार खाली जायच्या आधी ताणली जाते आणि स्वर चढतो. नटाच्या जितकं जवळ तितका जास्त. म्हणजे भैरव शिकणाऱ्या मुलाचा कोमल रे हमखास चढा. शिक्षक ओरडतात, आई घरी रियाजाला बसवते, मूल बोट मागे मागे सरकवत हात आखडून घेतं आणि वर्षभरात ‘आमच्या मुलाला कान नाही’ असा निकाल लागतो. खाचा कानशीने थोड्या उतरवल्या की अर्ध्या तासात तोच मुलगा सुरात येतो. कान होताच, पट्टी उंच होती. उलटही घडतं. पालक नवं महागडं वाद्य मागायला येतात आणि दोन मिनिटं ऐकल्यावर कळतं की गज घोडीपासून सरकत फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, चढतोय. वाद्य बदलून काही होणार नाही. केवळ कारागीर असलेला माणूस त्यांना वाद्य विकेल आणि केवळ शिक्षक असलेला माणूस मुलाला रागावेल.

नव्या विद्यार्थ्याचं व्हायोलिन आलं की मी आधी ते दुरुस्तीला आल्यासारखं तपासते, वाजवायला नंतर देते. फिंगरबोर्डच्या शेवटाला बारीक तार साधारण साडेतीन मिलिमीटरवर आणि जाड तार पाच-साडेपाचवर असावी. घोडीची मागची, म्हणजे टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची) बाजू तबलीला काटकोनात हवी. तारा वर चढवताना घोडी पुढे ओढली जाते आणि कुणी लक्ष दिलं नाही तर कायमची वाकते. घोडी बघायची आणि दोन्ही हातांनी हळूच सरळ करायची, हे मी सात वर्षांच्या मुलांनाही पहिल्या महिन्यात शिकवते. सा रे ग म नंतर.

आपल्याकडच्या वाजवण्याच्या गरजा पाश्चात्त्यांपेक्षा निराळ्या आहेत, आणि परदेशी पुस्तकं वाचून कारागीर झालेली मुलं इथेच अडखळतात. तिकडे चार तारा एकमेकींपासून पाचव्या स्वरावर लावतात. आपण बहुतेक जण सा-प-सा-प लावतो. समजा सा पांढरी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत घेतला. खालच्या दोन तारा तिकडच्या मापातच राहतात, पण वरच्या बारीक दोन्ही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवाव्या लागतात. तार एक पूर्ण स्वर उतरवली की तिचा ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो. तुमचा मुलगा फिजिक्सवाला आहे, तो कागदावर मांडून दाखवेल. ताण गेला की तारा मरगळतात, गज घसरतो, वरचा प बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. मग जाड घडणीची तार शोधायची, घोडी थोडी हलकी करायची, साउंडपोस्ट अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करून बघायचा. ही जुळवणी कुठल्या कोष्टकात नाही, ती वादकासमोर बसूनच करावी लागते.

दुसरं म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मांडी घालून बसायचं, स्क्रोल, म्हणजे खुंट्यांपलीकडचं वळणदार टोक, उजव्या पायावर टेकवायचा, वाद्याचं दुसरं टोक छातीशी. वाद्य धरायचं ओझं डाव्या हातावर राहत नाही, म्हणून तो मोकळा धावतो. विदुषी एन. राजम यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणं शिकून ते व्हायोलिनवर आणलं, ते ऐकताना बोट किती लांब घसरतं इकडे लक्ष द्या. फिंगरबोर्डमध्ये केसाएवढा उंचवटा असला तरी अशा घसरणीत तार तिथे किणकिणते. पाश्चात्त्य वादक बोट उचलून ठेवतो, त्याला तो उंचवटा वर्षानुवर्षं कळणारही नाही. त्यामुळे माझ्याकडे फिंगरबोर्ड रंधून सपाट करण्याचं काम सगळ्यात जास्त येतं. त्यातही आपली मंडळी बोटांना खोबरेल लावतात. बोट सुरेख घसरतं हे खरं, पण तेल जिरलेल्या जागी पुढे लाकूड चिकटवायचा सरस धरत नाही आणि तेच तेल गजाच्या केसांना लागलं की राळ बसत नाही. तेल लावू नका म्हणून काही उपयोग नसतो. मी इतकंच म्हणते की पोर उठताना फडकं फिरवू दे.

आता बनवण्याबद्दल. लाकूड आणि हवा ही दोन गणितं आधी समजली पाहिजेत. आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, पारा चाळिसाच्या वर. जुलैत भिंतींना ओल. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांना आडवं जास्त. पावसाळ्यात फुगलेली तबली बाजूंवर चिकटवून वाद्याची पेटी बंद केली, तर मेमध्ये ती आकसायला बघते. कडा सुटू शकल्या नाहीत तर मधोमध चीर जाते. म्हणून पेटी बंद करायचं काम मी पावसाळ्यात करतच नाही. तेव्हा मान कोरायची, स्क्रोल कोरायचा, गजांना केस भरायचे आणि वर्ग जास्त घ्यायचे. तबली चिकटवताना सरसही मुद्दाम पातळ ठेवतात. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण तो जोड घरातल्या फ्यूजसारखा असतो: ताण आला की जोड सुटावा, लाकूड फाटू नये. सुटलेला जोड थोड्या सरसात पुन्हा बसतो. फाटलेली तबली पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. हेच न कळल्याने गल्लीतल्या सुताराकडून पांढऱ्या गोंदाने पक्की चिकटवून आणलेली व्हायोलिनं ही माझ्या कामातली सगळ्यात नकोशी गोष्ट. सरस गरम पाण्याने आणि पातळ सुरीने सुटतो; तो गोंद सोडवताना लाकडाचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघतात. सरस वितळवतानाही तो साठ अंशांच्या आसपासच ठेवायचा, उकळला की त्याची ताकद जाते.

तबलीची जाडी अडीच-तीन मिलिमीटर, पाठ मधोमध साडेचारच्या आसपास आणि कडेला पातळ होत जाणारी. आकडे कुठेही मिळतात. पण दोन लाकडं सारखी नसतात, म्हणून कोरताना फळी बोटांत धरून टिचकी मारून ऐकायची, वाकवून बघायची. इथे त्याला फिजिक्स कामी येईल, आणि यात तो पहिला नाही. सी. व्ही. रामन यांनी १९१८ मध्ये कलकत्त्याहून व्हायोलिन आणि गजाने वाजणाऱ्या तारांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. गजाखाली तार चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. ४४० कंपनांचा स्वर असेल तर सेकंदाला ४४० वेळा. हे समजलेला शिक्षक विद्यार्थ्याला ‘जोर लाव’ म्हणत नाही. गजाचा वेग, दाब आणि घोडीपासूनचं अंतर या तिघांचं नातं दाखवतो. अमेरिकेतल्या कार्लीन हचिन्स यांच्याबद्दलही त्याला वाचू दे. १९११ ते २००९ असं दीर्घ आयुष्य. पेशाने शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, लाकूडकाम हौसेचं. व्हियोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ, बनवायला घेतला आणि तिथून फळ्यांच्या कंपनांच्या अभ्यासात शिरल्या. १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वाद्यांच्या ध्वनिशास्त्राची संस्था काढली आणि लहानापासून अजस्र मापापर्यंत आठ व्हायोलिनांचा नवा संच घडवला. तो संच फारसा रुजला नाही, माझ्या मते त्याची गरजही नव्हती. पण फळी मोजून कोरायची सवय जगभरच्या कारागिरांना लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

शिकायचं कुठे? क्रेमोनात १९३८ पासून व्हायोलिन बनवण्याची शाळा आहे, जर्मनीत मिटेनवाल्डची १८५८ पासून, इंग्लंडमध्ये नेवार्कची १९७२ पासून. तिथे जायला पैसा लागतो आणि आधी हात बसलेला असेल तरच तो वसूल होतो. आपल्याकडे ही विद्या अजून कारागिराच्या शेजारी बसूनच मिळते. उत्तर प्रदेशात रामपूरला व्हायोलिन बनवणारी घरं आहेत. मिरजेला व्हायोलिन नव्हे तर सतार-तंबोरे बनतात, पण लाकूड कसं ऐकायचं आणि घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची गुंज, कशी काढायची हे बघायला तिथे महिनाभर राहिलं तरी फायदा होतो. पहिली दोन वर्षं इथेच काढून मग परदेशाचा विचार करावा, असं माझं मत. अगदी थेट पाठवणाऱ्या पालकांना मी नाउमेद करते.

संगीताची बाजू कच्ची ठेवून चालणार नाही. आमच्या गावाला याचा वारसा आहे: सयाजीराव महाराजांच्या काळात गायक मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली. उस्तादाच्या घरी पडेल ते काम करत शिकण्याऐवजी वर्गात बसून, स्वरलिपी लिहून शिकायचं, हे तेव्हा धाडसाचं होतं. सूरसागरजवळ ती शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विद्याशाखा म्हणून उभी आहे. १९१६ मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच, आणि दोन वर्षांनी ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं. तुमच्या मुलाने विशारदवर थांबू नये. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांचं वादन रोज ऐकावं. तिघांचा गज तीन तऱ्हेचा आहे, आणि कुणाच्या हाताला कसं वाद्य जुळेल हे ओळखायची सवय अशीच लागते.

तो खरंच या कामाचा आहे की हौशी आहे, हे सहा महिन्यांत कळतं, आणि त्यासाठी आजोबांच्या वाद्याला हात लावायची गरज नाही. एखादं मोडकं स्वस्त व्हायोलिन आणा. पहिला महिना त्याने फक्त पटाशी आणि सुरी दगडावर लावावी. ज्याला धार लावायचा कंटाळा येतो त्याने पुढे जाऊ नये. मग मेपलच्या कोऱ्या घोड्या घेऊन त्यांचे पाय तबलीच्या फुगवट्यावर असे बसवावेत की खाली कागद सरकणार नाही. तबलीला खडू लावायचा, घोडी टेकवायची, खडू लागला तिथेच खरवडायचं. पहिल्या डझनभर घोड्या फुकट जातात. त्यानंतर साउंडपोस्ट: ‘एफ’च्या आकाराच्या छिद्रातून वाकड्या सळईने आत नेऊन उभा करायचा, छिद्राच्या कडा न खरचटता. दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा घेऊन आत बघायचं. या कामात शिव्या न देता एक संध्याकाळ काढणारा मुलगा मला चालेल.

शिकवायला मात्र त्याने थांबू नये, आत्ताच चार-पाच लहान मुलं घेऊन बसावं. वाद्याचं माप वयावर ठरवू नये. हात पुढे सरळ करून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत अंतर घ्यायचं. अठ्ठावन्न सेंटिमीटरच्या आसपास आलं तर पूर्ण माप, त्याहून कमी तर पाऊण किंवा अर्धं. ‘वाढेल की’ म्हणून मोठं घेऊन देणारे पालक भेटतील, त्यांना ठामपणे नाही म्हणावं. पहिले तीन महिने तानपुऱ्याबरोबर गाणं आणि मोकळ्या तारेवर लांब गज, मग अलंकार. सिनेमाचं गाणं सहा महिन्यांनी खुशाल वाजवू द्यावं, त्याने काही बिघडत नाही. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची आणि दुरुस्तीचा अंदाज आधी लिहून द्यायचा. हे दोन्ही करायला त्याला संकोच वाटेल, म्हणून पहिलं वर्षभर हिशेबाची वही तुम्ही सांभाळा.